पाठमोरा मंगळवार

माझा आवाज गेला तो सर्दीनं. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर जो भेटला त्यानं 'काय धक्का बसला होता?' असं विचारून मला भंडावून सोडलं. धक्काबिक्का काही नव्हता. सर्दी झाली, घसा बसला, आठ दिवसांनी सर्दी गेली आणि आवाज परत यायचा विसरला.

एखाद्या बाईचा आवाज गेला तर घरच्यांना बरंच वाटेल, असं आमच्या डेपोत कुणीतरी म्हणालंही. पण मी पडले सांगली बसस्थानकावर सव्वीस वर्षं घोषणा करणारी बाई, शैलजा तोडकर. 'प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे' हे वाक्य मी जितक्या वेळा म्हटलं असेल तितक्या वेळा कुणी देवाचं नावही घेतलं नसेल. माझी मुलगी सानिका त्या आवाजावरच वाढली. ती चार वर्षांची असताना तिचे बाबा गेले. घरी दुसरं कुणी नाही, म्हणून शाळा सुटली की ती थेट स्टँडवर यायची आणि फलाट पाचच्या बाकावर दप्तर उघडून बसायची. वर कर्ण्यातून माझा आवाज येत राहायचा, तेवढ्यावर ती पोर निर्धास्त. जतची गाडी लागली की डबा खायची, इस्लामपूरची सुटली की गणितं करायची. तिला घड्याळ बघायला फार उशिरा आलं, गरजच पडली नव्हती.

आवाज गेला ते वर्ष २०३१. सानिका तोवर लग्न होऊन पुण्याला गेली होती. घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. स्वरतंतू ठणठणीत. आणि खरं सांगायचं तर मला खोकला आला की खणखणीत आवाज निघायचा, हसले तरी निघायचा. तिथंच सगळं बिघडलं. 'खोकायला आवाज आहे आणि बोलायला नाही?' असं म्हणत डेपोतल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. 'सोंग' हा शब्द माझ्या तोंडावर कुणी उच्चारला नाही, पण माझे कान शाबूत होते.

शेवटी मिरजेच्या एका दवाखान्यातल्या डॉक्टर नाझनीन मुजावर यांच्याकडे पोचले. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं: कार्यात्मक मज्जाविकार. औषधाची चिठ्ठी काही दिली नाही. म्हणाल्या, "दर मंगळवारी चार वाजता तिसऱ्या मजल्यावर या. शिकवणी आहे."

मी पाटीवर लिहिलं, 'कशाची?'

"तुमच्याच मेंदूची," त्या म्हणाल्या.

शिकवणीला आम्ही आठ जण होतो. सगळ्यांचं सांगत बसत नाही, दोघांचं सांगते. एक बाबगोंडा मगदूम, उगारकडचे, जुने पैलवान. उजवा पाय दोन वर्षं मेल्यासारखा ओढत चालायचे. दुसरी सारिका ऐवळे, जत तालुक्यातली, एकोणीस वर्षांची. तिला झटके यायचे. गावात म्हणत, हिच्या अंगात येतं. फिटची औषधं देऊन झाली, देवर्षी-भगत करून झाला, कशानंच फरक पडेना.

पहिल्याच तासाला मुजावर मॅडमनी फळ्यावर काही न लिहिता सांगायला सुरुवात केली. "मेंदू वाट बघत बसत नाही. तो आधी अंदाज बांधतो, आणि मग शरीराकडून आलेली बातमी त्या अंदाजाशी ताडून बघतो. जिना संपलेला असताना आपण आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकतो, तेव्हा कसं धाडकन आपटतो? तो चुकलेला अंदाज. एरवी तो लगेच दुरुस्त होतो. तुमचा मात्र घट्ट बसलाय. शैलाताई, तुम्ही आठ दिवस बोलायला गेलात की आवाज नाही, असं झालं. मेंदूनं ते पाठ केलं. घसा बरा झाला, पाठांतर राहिलं."

"मग मेंदूच्या फोटोत का दिसत न्हाई?" बाबगोंडा अण्णांनी विचारलं.

"तार तुटलेली नाही, म्हणून दिसत नाही. निरोप भलतीकडे जातोय. पण आजार खरा आहे. सोंग करणाऱ्याला ठाऊक असतं की आपण सोंग करतोय. तुम्हाला ठाऊक होतं?"

मॅडमनी अण्णांची परवानगी घेतली, त्यांना बाकावर झोपवलं आणि त्यांच्या मेलेल्या पायाच्या टाचेखाली आपला हात ठेवला. म्हणाल्या, "हा पाय खाली दाबा." काही नाही. "आता हा राहू दे. डावा पाय वर उचला, मी धरते, जोर लावा." अण्णांनी डावा पाय उचलला, आणि मॅडम हसल्या. त्यांनी सारिकाला बोलावून तिचा हात त्या टाचेखाली ठेवला. सारिका ओरडलीच, "मॅडम, दाबतोय! पाय दाबतोय!" एक पाय उचलताना दुसरा आपोआप खाली रेटतो, तो हुकूम अण्णांच्या पायापर्यंत व्यवस्थित पोचत होता. फक्त त्यांनी लक्ष घालून हलवायला गेलं की अडायचा.

अण्णा उठून बसले आणि लहान पोरासारखे रडले. "म्हंजी पाय माझाच हाय," असं तीन-चारदा म्हणाले. मग डोळे पुसून त्यांनी त्या आजाराचं बारसं केलं. "ह्यो चकवा हाय, मॅडम. रोजची वाट, पर माणूस फिरून फिरून त्याच बांधाला येतंय." तेव्हापासून ते लांबलचक नाव आमच्यात कुणी घेतलं नाही. 'आज चकवा किती वेळ होता?' एवढं विचारलं की झालं.

माझा खोकला, जो डेपोत माझ्याविरुद्धचा पुरावा होता, तो त्या खोलीत माझ्या बाजूनं साक्ष देऊ लागला. "खोकला खणखणीत आहे ना? मग तार शाबूत," असं मॅडम म्हणायच्या, आणि बाकीचे सातही जण मान डोलवायचे. सोंगाडी ठरलेल्या माणसाला ते काय वाटतं, हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

चकव्याची एक खोड मॅडमनी नीट समजावली होती. त्याच्याकडे जितकं लक्ष द्यावं तितका तो घट्ट होतो, आणि आपलं लक्ष पुरत नाही म्हणून की काय, इतरांची नजर पडली की दुप्पट. म्हणून आम्ही एक रीत पाडली. कुणी अडलं, कुणी बोलायला किंवा चालायला उभं राहिलं, की बाकीच्यांनी खुर्च्या वळवून भिंतीकडे तोंड करायचं. पाठ फिरवणं म्हणजे काय ते मराठी माणसाला सांगायला नको. वाईट वेळ आली की लोक तेच करतात. आमच्या खोलीत मात्र पाठ फिरवणं म्हणजे माया होती. 'सावकाश होऊ दे, आम्ही कुठं जात नाही,' असं त्या पाठी म्हणायच्या.

तिसऱ्या की चौथ्या मंगळवारी मॅडम मला म्हणाल्या, "स्वतःचं काही बोलू नका. स्टँडवरचं म्हणा. ते तुमच्या जिभेला पाठ आहे, त्याला तुमच्या देखरेखीची गरज नाही." समोर सात पाठी. मी तोंड उघडलं आणि गंजलेल्या दारासारखा आवाज आला. "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे." मीच दचकले. पुढं काय म्हणावं सुचेना, हातात चहाचा कप होता. "चहात... साखर नाही."

कुणी वळलं नाही. पण त्या सातही पाठी गदागदा हलत होत्या. इतकं हसू मला पुन्हा कधी बघायला मिळालं नाही, आणि तेही फक्त खांद्यांचं.

पुढचे चार महिने मी सगळा संसार घोषणांतून चालवला. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, गॅस संपला आहे. हळूहळू प्रवासी गळले आणि नुसता गॅस राहिला. आवाज घोगरा होता, मध्येच तुटायचा, पण माझा होता. आता वाटतं, तेच दिवस सुखाचे. तेव्हा वाटायचं, पूर्ण बरं कधी होणार.

सानिकाला ते दाखवायची मला फार हौस. ती आणि जावईबापू पुण्याहून आले, तिला सहावा महिना होता. मी त्यांना मंगळवारी थेट शिकवणीलाच नेलं. मॅडमना खाली कुणी रुग्णासाठी थांबवून घेतलं होतं, म्हणून रीत समजावून सांगायला कुणी नव्हतं, आणि आम्हाला तर ती इतकी अंगवळणी पडलेली की सांगायला हवी हे सुचलंच नाही. मी उभी राहिले, तोंड उघडलं, आणि खर्र खर्र करत सात खुर्च्या वळल्या.

सानिका माझ्या ओठांकडे एकटक बघत होती. आवाज आला नाही. अण्णांना काहीतरी आठवून खुदकन हसू आलं. सानिकानं माझा हात धरला आणि मला जिन्यावरून खाली आणलं.

रिक्षात बसताच ती उसळली. "आई, तू बोलायला उभी राहिलीस आणि त्या लोकांनी तोंडं फिरवली! आणि तो पैलवान हसत होता!"

मी वहीत लिहिलं, 'ती आमची रीत आहे. माया असते.'

तिनं वाचलं. "तुझा अपमान झालेलाही तुला कळेनासा झालाय," असं म्हणून ती रडायला लागली. गरोदर पोरीशी वाद घालू नये, म्हणून मी वही मिटली. तिथं चुकलं.

महिन्याभरात तो ताईत बाजारात आला. कंपनीनं त्याला काहीतरी कठीण नाव दिलं होतं, पण गळ्यात काळ्या दोऱ्याला चपटी चांदीची पेटी म्हटल्यावर सांगली-मिरजेत त्याला ताईतच म्हणू लागले. कानामागं बटणाएवढी चकती चिकटवायची. माणूस बोलायला जातो त्याच्या साधारण पाव सेकंद आधी मेंदूत त्याची तयारी सुरू होते. ती तयारी चकती टिपायची, चकवा पडायच्या आत पेटीला कळवायची आणि पेटी बोलायची. पायासाठी वेगळा ताईत होता, तो स्नायूला बारीक झटका द्यायचा. माझ्या पेटीतला आवाज सानिकानं डेपोतल्या जुन्या ध्वनिफितींवरून बनवून घेतला होता. मी पेटी घातली आणि चाळिशीतली शैलजा तोडकर बोलली, "सानू, जेवलीस का?"

सानिका माझ्या मांडीत डोकं घालून अर्धा तास रडली. खोटं कशाला बोलू, मीही रडले. तो आवाज मलाही परत हवा होता.

मुजावर मॅडम म्हणाल्या, "घालू नका असं मी म्हणणार नाही. काहींना तो लाभेलही. फक्त एवढं लक्षात ठेवा, हा तुमच्या पायवाटेनं जात नाही, वरून पूल टाकतो. पूल झाला की खालच्या वाटेवर गवत माजतं."

सारिकाला ताईत लाभला. झटक्याच्या आधी तो कानात सूचना द्यायचा, ती बसून घ्यायची. तिला जतच्या पंचायतीत नोकरी लागली. एकेक करत बाकीच्यांनीही घेतले. मंगळवारी चारला आधी पाच जण राहिले, मग तीन. एका मंगळवारी मी गेले तर त्या खोलीत ताईत बसवून द्यायची मेजं लावली होती. आमच्या खुर्च्या बाहेर एकावर एक रचून ठेवल्या होत्या.

ताईतही शिकत होता. दर दोन-तीन महिन्यांनी त्यात सुधारणा यायची. आधी तो शब्द ओळखायचा, मग वाक्य. पुढं वाक्य अर्धं मनात असतानाच तो पुरं करू लागला. शिकवायला त्याला माझेच सानिकाबरोबरचे फोन दिलेले होते. सानिकाला तोवर मुलगी झाली होती, जुई. एके दिवशी सानिका फोनवर म्हणाली, "आई, जुई आता पाळणाघरात राहत नाही. तू सांगलीचं घर बंद करून इकडेच येशील का, कायमची?"

मी विचारात पडले. घर, शेजार, वारणालीच्या बाजारातली सकाळची भाजी, सगळं डोळ्यांपुढं आलं. काय सांगावं हे ठरायच्या आतच गळ्यातून गोड आवाज आला, "येते की गं बाळा. त्यात विचारायचं काय?"

पलीकडे सानिका आनंदानं किंचाळली. आता 'ते मी नव्हे' असं कुठल्या तोंडानं सांगणार? सांगायला गेले असते तरी सांगणार त्याच्याचमार्फत. आणि त्याला दोष तरी काय द्यावा? सबंध आयुष्यात मी लेकीला कधी नाही म्हटलेलं नव्हतं. त्यानं अंदाज बरोबरच बांधला होता.

पुण्यात दीड वर्ष बरं गेलं. सुनावायचं काही नसलं की आवाज गोडच लागतो. जुई बोलू लागली, गोष्टी मागू लागली. एका दुपारी पेटी कपाटावर चार्जिंगला लावली होती, चकती मात्र कानामागं तशीच राहिली होती. जुई कपाटाखाली उभी राहून मान वर करून म्हणाली, "आजी, चिमणीची गोष्ट."

मी तिच्या मागंच पलंगावर बसले होते. म्हणायला गेले, 'अगं, मी इकडे आहे.' कपाटावरून आवाज आला, "अगं, मी इकडे आहे."

"हो," जुई कपाटाला म्हणाली, आणि मांडी घालून बसली.

तेवढ्यात सानिका आली. "जुई, आजीला त्रास देऊ नकोस."

"आजी चार्जिंगला आहे," जुई म्हणाली. माझ्याकडे बोट करून पुढं म्हणाली, "ही नुसती बसलीय."

सानिकाला हसू आलं. मी चकती काढली आणि खिशात टाकली.

त्यानंतरचे दिवस वाईट होते. खोकला सोडून काही येईना. तीन वर्षांत खरंच गवत माजलं होतं. मी सानिकाला लिहून दिलं की मला माझ्या आवाजात बोलायचंय, कसाही असो. तिनं कागदाची घडी करून माझ्या हातात परत दिली.

"आई, मला तो आवाज ऐकला की स्टँडवरचा बाक आठवतो. बाबा गेल्यावर मला दुसरं काही नव्हतं गं. तोच होता. तू तो काढून ठेवलास की मला वाटतं तू... मला कळत नाही काय वाटतं. घाल ना परत."

मला तिला जवळ घेऊन म्हणायचं होतं की तो बाक मलाही आठवतो, काचेतून तुझी लाल रिबीन दिसायची, मी तुझ्यासाठी एखादी घोषणा उगाच दोनदा करायचे. यातलं काही म्हणता आलं नाही. आणि ताईतानं म्हटलं असतं तर ते त्यानं म्हटलेलं झालं असतं.

मी बाबगोंडा अण्णांना संदेश टाकला. त्यांनी आवाजातच उत्तर पाठवलं. "ताई, मी तर कवाच काढून टाकला. मशीन चालत हुतं, मी आपला वर बसून हिंडत हुतो. आता काठी हाय, चकवा बी हाय, पर पाय माझा हाय. मंगळवारी चारला फोन लावतो, मॅडमना बी सांगतो."

मंगळवारी पडद्यावर पाच चौकोन उघडले. मॅडम निवृत्त झाल्या होत्या, केस पांढरे. सारिका ऑफिसातून, ताईत घालूनच. मी कागदावर 'सुरू करते' लिहून दाखवलं, आणि पाचही जण वळले. पडद्यावर पाच पाठी. एकीवर ऊन पडलं होतं, एकीच्या मागं दोरीवर कपडे. मला इतकं बरं वाटलं की आधी नुसतीच रडले. मग खोकले. मॅडम भिंतीकडे बघत म्हणाल्या, "खोकल्याचं शेपूट धरा, शैलाताई. खोकून झालं की तोच आवाज लांबवा, हंऽऽ." पहिल्या मंगळवारी हं. तिसऱ्याला हंबा, कारण गायीसारखं ओरडायला लाज वाटली नाही. सातव्या मंगळवारी 'अण्णा.'

घोगरा, चिरका आवाज. सत्तावन्न वर्षांच्या बाईचा.

जुईला त्याचं काही वाटलं नाही. आजीचा आवाज कपाटावरून खाली आला, एवढंच तिचं म्हणणं. सानिकाचं तसं नव्हतं. मी 'सानू' अशी हाक मारली की ती ओ द्यायची नाही. मुद्दाम नाही, पण तिच्यापर्यंत पोचायचंच नाही बहुतेक. पुन्हा हाक मारली की दचकून बघायची, आणि चेहऱ्यावर असं काही यायचं, जणू दाराशी अनोळखी माणूस उभा आहे. तीन महिने असेच गेले. मग मी हाक मारणं सोडलं. काही हवं असलं की उठून तिच्याजवळ जायचे आणि दंडाला हात लावायचे. लेकीला हाक मारता येत नसेल तर आवाज मिळवून काय केलं, असं मनात यायचं. दोनदा मी पेटी हातात घेऊन पुन्हा ठेवली.

गेल्या रविवारी मी आणि जुई बाहेरच्या खोलीत मटार सोलत बसलो होतो. सानिका स्वयंपाकघरात होती, कुकर लावत होती. जुई हल्ली सगळ्यांच्या नकला करते. शेंगा संपल्या. ती उठली, हनुवटी छातीला टेकवली, घसा आवळला आणि माझ्यासारखंच घोगरं, तुटत तुटत ओरडली, "सानूऽ, ये... गं."

"आले गं आई, हात धुते," आतून सानिका म्हणाली.